धूर, भिंत आणि डालगे : कोंबड्यांच्या राखणीचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१.
इसवी सनाचे पहिले शतक, रोमन साम्राज्य. अंड्यांतून पिल्ले नुकतीच बाहेर पडली आहेत आणि खुराड्याजवळ कोणीतरी बायकांचे केस जाळत बसले आहे. हा करणीचा प्रकार वाटेल. परंतु त्या काळच्या अत्यंत तपशीलवार शेतीग्रंथात सांगितलेला हा उपाय आहे. हेतू एकच : पिल्लांपासून साप दूर ठेवणे. साप, कोल्हा, ससाणा आणि मांजर यांच्यापासून कोंबडी वाचवण्याच्या मानवी धडपडीची ही कथा.

२.
आरंभ आग्नेय आशियात होतो. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे रानकोंबडा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ८९ देशांतील सहाशेहून अधिक पुरास्थळांवरील अवशेष तपासले गेले. निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथील ठरली. त्यांचा काळ इसवी सनपूर्व १६५० ते १२५० असा मानला जातो. भात आणि बाजरीवर्गीय धान्यांच्या शेतीने रानकोंबड्यांना माणसाजवळ आणले, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे.

३.
या प्रतिपादनातच पुढच्या संकटाचे बीज आहे. सांडलेल्या दाण्यांसाठी रानकोंबडा आला, तसा उंदीरही आला. उंदरामागे साप येणे ओघानेच आले. अंडी, पिल्ले, धान्य आणि उंदीर एकाच अंगणात नांदू लागले की ते अंगण भक्ष्यकांसाठी वाढून ठेवलेले ताट होते. कोंबडी पाळण्याचा इतिहास जेवढा जुना, तेवढाच तिच्या राखणीचा इतिहासही जुना असला पाहिजे.

४.
रानकोंबड्याची स्वतःची एक संरक्षणव्यवस्था होती. दिवस मावळला की तो झाडावर चढून बसतो. कोंबडीवर्गीय पक्ष्यांना अंधारात फारच कमी दिसते. म्हणून उंची हेच त्यांचे कवच. माणसाने कोंबडीला जड केले, तिची उडण्याची शक्ती कमी झाली, आणि ती जमिनीलगत निजू लागली. तिच्याकडून जे कवच काढून घेतले, ते माणसाने दुसऱ्या रूपात परत देणे भाग होते. खुराडे म्हणजे तीच परतफेड.

५.
ही परतफेड कशी करावी, याचा पहिला सविस्तर लेखी विचार रोमन ग्रंथकारांत आढळतो. मार्कुस टेरेंटियुस वॅरो याने इसवी सनपूर्व ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर तीन भागांचा ग्रंथ रचला. त्याच्या तिसऱ्या भागात दोनशे कोंबड्यांसाठी कसे घर बांधावे हे सांगितले आहे : शेजारी शेजारी दोन खोल्या, तोंड पूर्वेकडे, प्रत्येकीची लांबी सुमारे दहा फूट, रुंदी त्याच्या निम्मी.

६.
वॅरोच्या खिडकीचे वर्णन विशेष वाचण्याजोगे आहे. ती तीन फूट रुंद आणि त्याहून एक फूट अधिक उंच असावी. तिला लवचीक फांद्यांची जाळी असावी. विण अशी की उजेड भरपूर आत यावा, मात्र कोंबडीला इजा करणारे काहीही आत शिरू नये. हवा हवी, उजेड हवा, पण वैरी नको. खुराडे बांधणाऱ्या प्रत्येकापुढे आजही हाच पेच असतो.

७.
वॅरोनंतर शतकभराने आला लुसियुस युनियुस मॉडेराटुस कॉल्युमेला. त्याचा जन्म स्पेनमधील गादेस, म्हणजे आजच्या कादिझ येथला. काही काळ त्याने सैन्यात अधिकारी म्हणून काम केले आणि नंतर इटलीत शेती केली. त्याच्या बारा भागांच्या शेतीग्रंथातील आठवा भाग अंगणातील पक्षी आणि मत्स्यपालन यांना वाहिलेला आहे. केस जाळण्याचा उपाय याच भागात येतो.

८.
कॉल्युमेलाच्या मते सापाचा श्वास इतका विषारी असतो की त्याच्या वासानेच सगळी पिल्ले मरून पडतात. त्यावर तोडगा म्हणून वरचेवर हरणाचे शिंग, गॅल्बनम नावाचा उग्र वासाचा डिंक किंवा स्त्रीचे केस जाळावेत, असे तो सांगतो. दुर्गंधीने आलेले संकट तिखट धुराने परतवायचे, असा हा तर्क. दूषित हवेने रोग होतो ही समजूत पुढे युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. तिचेच हे खुराड्यातले रूप.

९.
सापाचा श्वास विषारी नसतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मग कॉल्युमेलाने काय पाहिले असावे? सकाळी खुराडे उघडावे आणि पिल्ले न खाल्लेली, पण मेलेली आढळावीत, हा अनुभव खरा असू शकतो. रोगाने, थंडीने किंवा दाटीवाटीत गुदमरून पिल्ले एका रात्रीत मरतात. आणखी एक शक्यता आहे, आणि तिचे उत्तर सापाकडे नसून केसाळ प्राण्यांकडे आहे.

१०.
कोल्हा किंवा वीझलसारखा प्राणी बंदिस्त जागेत शिरला, की खाण्याच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक पक्षी मारतो. पळायला वाट नसलेले, फडफडणारे भक्ष्य त्याची शिकारीची प्रेरणा थांबू देत नाही. हान्स क्रुक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली या वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास मांडला. मालकाला दिसतो तो मृत पक्ष्यांचा ढीग. मारेकरी केव्हाच निघून गेलेला असतो. त्याच वेळी अडगळीत एखादा साप दिसला, तर आळ कोणावर येईल हे सांगायला नको.

११.
अनुभवी पाळणारे मात्र खुणांवरून चोर ओळखतात. ससाणा पिसे उपटून त्यांचा पसारा मागे टाकतो. मुंगूस, मांजर आणि कोल्हा यांच्यामागे रक्त आणि ओढून नेल्याच्या खुणा राहतात. साप भक्ष्य अख्खेच गिळतो, त्यामुळे अंडे किंवा पिल्लू नुसते नाहीसे होते. ना पीस, ना टरफल. कधी कधी तर गिळलेल्या पिल्लाने पोट इतके फुगते की ज्या फटीतून साप आत आला, त्याच फटीतून त्याला बाहेर पडता येत नाही.

१२.
कॉल्युमेलाचे मोठेपण त्याच्या धुरात नाही, भिंतीत आहे. खुराड्याच्या भिंतींना आतून आणि बाहेरून गुळगुळीत गिलावा द्यावा, म्हणजे मांजर किंवा साप वर सरपटू शकणार नाही, असे तो लिहितो. साप चढतो तो खडबडीत पृष्ठभागाच्या आधाराने. दगडांच्या फटी बुजल्या, पृष्ठभाग सपाट झाला, की त्याचा आधारच जातो. येथे सापाच्या श्वासाविषयी कोणतीही कल्पना मानावी लागत नाही. त्याची चाल पाहिली की पुरे.

१३.
बदकांसाठी तर त्याने छोटा किल्लाच रचला. पंधरा फूट उंच भिंत. तीही आतून-बाहेरून गिलावा केलेली, म्हणजे मांजर किंवा फेरेट चढू नये. वरून जाळीचे किंवा दोरखंडी जाळ्याचे छत, म्हणजे पाळलेले पक्षी उडून जाऊ नयेत आणि गरुड किंवा ससाणा वरून झेप घेऊ नये. जमिनीवरून येणारा आणि आकाशातून येणारा, अशा दोन्ही शत्रूंचा विचार एकाच बांधकामात केलेला दिसतो.

१४.
शिवाय माणूसही लागतोच. दोनशे कोंबड्यांवर एक राखणदार पुरे, पण चरायला सुटलेल्या पक्ष्यांवर लक्ष ठेवण्यासाठी एखादी कष्टाळू म्हातारी किंवा पोर नेमावे, असे कॉल्युमेला सांगतो. नाहीतर चोर आणि टपून बसलेली जनावरे त्या पळवतील. रोमच्या इतिहासात सम्राट आणि सेनापती भरपूर भेटतात. हातात काठी घेऊन आकाशातल्या ससाण्याकडे डोळे लावून बसलेली ही म्हातारी मात्र एका ओळीपुरतीच भेटते. साम्राज्याच्या जेवणातली अंडी तिच्याच लक्षामुळे शाबूत राहत.

१५.
तरीही वासाचा मार्ग सुटला नाही. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते की वीझल सापाशी झुंजण्यापूर्वी सताप खातो, कारण त्या वनस्पतीचा वास सापाला सहन होत नाही. महाराष्ट्रात परसदारी लावली जाते तीच ही उग्र वासाची सताप. पुढे पॅलेडियुस या उत्तरकालीन रोमन लेखकाने कबुतरखान्यात जागोजागी सतापीच्या डहाळ्या टांगण्याचा सल्ला दिला. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये संकलित झालेल्या ‘जिऑपोनिका’त तर ती कोंबडीच्या पंखाखाली बांधायला सांगितली आहे.

१६.
भारतातही दोन्ही विचार शेजारी शेजारी नांदताना दिसतात. कौटिलीय अर्थशास्त्रात राजवाड्याच्या रक्षणाच्या प्रकरणात काही विशिष्ट वनस्पतींनी राखलेल्या घरात साप शिरत नाहीत असे म्हटले आहे. त्याच ठिकाणी मांजर, मोर, मुंगूस आणि ठिपक्यांचे हरीण मोकळे सोडावेत, ते सापांना खातात, असाही सल्ला आहे. पोपट आणि मैना सापाची किंवा विषाची शंका येताच ओरडतात, हेही तेथे नोंदवले आहे. भिंतीऐवजी येथे जिवंत पहारेकरी नेमले आहेत.

१७.
राजवाड्यात मुंगूस शोभेल. कोंबड्यांच्या अंगणात तो सापाइतकाच धोकादायक. शत्रूचा शत्रू मित्र असतो, ही नीती खुराड्याच्या दाराशी फसते. तरीही एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत ती बेटांमागून बेटांवर आजमावली गेली. १८७२ साली जमैकातील मळेवाले डब्ल्यू. बी. एस्प्यूट यांनी उसाचे उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवली. १८८३ साली जमैकातून त्यांची संतती हवाईत पोहोचली.

१८.
उंदीर काही काळ घटले. त्यानंतर मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि गावकऱ्यांच्या कोंबड्या यांकडे मोर्चा वळवला. जपानमध्ये १९१० साली ओकिनावात आणि १९७९ साली आमामी बेटावर मुंगसे सोडली, ती हाबू या विषारी सापाला मारण्यासाठी. मुंगूस दिवसा हिंडतो, हाबू रात्री. दोघांची गाठ क्वचितच पडली. बळी गेले ते आमामीच्या दुर्मिळ काळ्या सशांसारखे स्थानिक जीव. आमामीवरून मुंगूस संपूर्ण नाहीसा झाल्याची घोषणा व्हायला २०२४ साल उजाडावे लागले.

१९.
तिसरा मार्ग होता सरसकट मारण्याचा. इंग्लंडमध्ये १५६६ च्या कायद्याने उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यांच्या डोक्यांवर बक्षिसे लावली. कोल्ह्याच्या डोक्याला बारा पेन्स. यादीत घारीचाही समावेश होता. शतकानुशतके चाललेल्या संहाराचा शेवट असा झाला की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधून लाल घार नाहीशी झाली. १९८९ पासून ती बाहेरून आणून पुन्हा वसवावी लागली. कोल्हा मात्र कधीच संपला नाही; आज तो लंडनच्या गल्ल्यांतही फिरतो.

२०.
चौथे उत्तर पुन्हा भिंतीकडे नेते. फक्त आता भिंत तारेची होती. १८४४ साली नॉर्विचमधील चार्ल्स बर्नार्ड या लोखंडी सामानाच्या व्यावसायिकाने षटकोनी जाळी विणणारे यंत्र तयार केले. नॉर्विच हे विणकरांचे जुने गाव. कापडाच्या मागाचेच तत्त्व त्याने तारेला लावले. स्वस्त, हलकी, गुंडाळून कोठेही नेता येणारी ही जाळी. पुढच्याच वर्षी, १८४५ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले आणि हौशी पालनाची लाट उसळली.

२१.
या जाळीला इंग्रजीत कोंबडीचेच नाव मिळाले. परंतु तिचा खरा गुण कोंबडीला आत ठेवण्याचा आहे, शत्रूला बाहेर ठेवण्याचा नव्हे. तिची पातळ तार कुत्रा किंवा कोल्हा फाडू शकतो, आणि तिच्या छिद्रांतून साप सहज आत येतो. म्हणून आज जाणकार अर्धा इंच किंवा त्याहून बारीक छिद्रांची, जाड तारेची जाळी सुचवतात. तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीत पुरतात, म्हणजे उकरणाऱ्या जनावराचा पंजा जाळीवरच अडतो. वॅरोच्या फांद्यांच्या विणीमागचा विचार येथे धातूत उतरला आहे.

२२.
हा केवळ अंडी-पिल्लांचा प्रश्न नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांतील, आणि त्यांतील निम्मे जून ते सप्टेंबरच्या दिवसांतील. कोंबड्या राहत्या घरात ठेवू नयेत, त्यांच्या शोधात साप निजलेल्या माणसांपर्यंत येतो, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशियासाठीच्या मार्गदर्शिकेत आहे. चोरीच्या भीतीने खाटेखाली ठेवलेली कोंबडी कुटुंबाच्या जिवावर बेतू शकते.

२३.
अंधारात अंड्यांसाठी खुराड्यात घातलेला हात हा असाच धोका. तो हात बहुतेक वेळा घरातील स्त्रीचा असतो, कारण परसातल्या कोंबड्या सांभाळणे हे काम बहुधा तिच्याकडेच असते. अंडी विकून आलेला पैसा अनेक घरांत तिच्या हक्काचा मानला जातो. त्यामुळे एक कोंबडी गमावणे म्हणजे मुलाच्या वहीचे किंवा औषधाचे पैसे गमावणे. खुराड्याच्या एका फटीची किंमत अशी मोजावी लागते.

२४.
उग्र वासाचा विश्वास आजही जिवंत आहे. हरणाच्या शिंगाची जागा गंधकाने आणि डांबराच्या गोळ्यांनी घेतली, एवढेच. या पदार्थांच्या प्रयोगांत साप त्यांना फारसे जुमानत नाहीत असे दिसले आहे. परंतु वास पसरवणे सोपे, फटी बुजवणे कष्टाचे. शिवाय वासाचा उपाय बहुतेक रात्री ‘यशस्वी’च ठरतो, कारण बहुतेक रात्री साप मुळात येतच नाही. न आलेल्या सापाचे श्रेय धुराला मिळते. दोन हजार वर्षे हा समज टिकला त्याचे हे एक कारण असावे.

२५.
कॉल्युमेलाच्या एकाच ग्रंथात म्हणूनच दोन प्रश्न आढळतात. एक : सापाला काय आवडत नाही? दुसरा : साप आत येतो कसा? पहिल्या प्रश्नातून केस, शिंगे आणि सतापीच्या डहाळ्या आल्या. दुसऱ्यातून गिलावा, छताची जाळी आणि बारीक विण आली. पहिली उत्तरे इतिहासाच्या पानांत कुतूहल म्हणून उरली. दुसरी आजही प्रत्येक चांगल्या खुराड्यात वापरात आहेत. दोन्ही प्रश्न विचारणारा माणूस मात्र एकच होता, आणि तितकाच हुशार होता.

२६.
महाराष्ट्राच्या खेड्यांत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्वानांच्या ग्रंथांत न शिरताच तयार झाले. दिवेलागणीला कोंबड्या गोळा करायच्या आणि वेताच्या किंवा बांबूच्या पालथ्या डालग्याखाली झाकून वर दगड ठेवायचा. या कामासाठी भाषेत स्वतंत्र क्रियापदच आहे : कोंबड्या डालणे. दगडाच्या वजनाने मांजर आणि मुंगूस अडतात; विणीतून वारा खेळतो. बारीक साप मात्र सैल विणीतून शिरू शकतो. म्हणून विण घट्ट हवी, आणि जमीन सपाट हवी; नाहीतर कडेखालची फट हेच दार होते.

२७.
‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण मराठी माणूस सत्य दडपणाऱ्याला ऐकवतो. तिच्या अर्थाकडे लक्ष जाते आणि तिच्यातील कृतीकडे दुर्लक्ष होते. कोंबडे रोज झाकले जात होते, म्हणून तर ही म्हण बनली. ते झाकणाऱ्या हातांना सूर्य अडवायचा नव्हता. कोल्हा, रानमांजर आणि साप यांनी भरलेली एक रात्र पार पडावी, आणि उजाडताच डालगे उचलल्यावर आतले सगळे जीव मोजून पुरे भरावेत, एवढेच त्यांना हवे होते.